नागमुखी नौकेचा वाढदिवस

(मंडळाच्या बालविभागाच्या सभेत केलेले भाषण. काही भगिनींनी कृती लिहून मागितल्या, म्हणून त्या इथे थोड्या विस्ताराने दिल्या आहेत.)



भाषण करावयाची मला सवय नाही. मंडळात माझे काम म्हणजे चहाचे पातेले सांभाळणे आणि हळदीकुंकवाच्या वेळी वाणाचा हिशेब ठेवणे. पण आमच्या गच्चीवर गेल्या मे महिन्यात जे काही झाले त्याची हकीगत आपल्यापैकी अनेकींच्या कानावर गेली. कोणी म्हणाले, आजीबाईंनी लुटारूंचा वाढदिवस केला. कोणी म्हणाले, गच्चीवर अजगर चढला होता. तेव्हा खरे काय ते मीच सांगावे असे अध्यक्षबाईंनी सुचविले, आणि मी हो म्हणून बसले.

माझा मुलगा नोकरीनिमित्त २०२१ साली नॉर्वेत ओस्लोला गेला, आणि २०२४ साली सहकुटुंब परत डोंबिवलीला आला. जाताना नातू चार वर्षांचा होता, येताना सात. बोलायला शिकण्याचे वय ते, आणि तेच परमुलखात गेले. घरी मराठी बोलत असत, पण खेळ, भांडण, गाणे सगळे नॉर्वेच्या भाषेत. त्यामुळे त्याच्या तोंडी 'ळ' बसत नसे. 'खेळायला' हे तो 'खेलायला' म्हणे, 'पाणी'चे 'पानी' करी. सोसायटीतल्या मुलांना ही मोठीच गंमत मिळाली. मुले वाईट नव्हेत हो, पण मुले ती मुलेच. खाली गेला की त्याला मुद्दाम 'कमळ म्हण, काळोख म्हण' करीत. पंधरा दिवसांनी तो खाली जाईनासा झाला. खिडकीशी बसून खालचा खेळ बघे. मी विचारले की म्हणे, "मला ऊन लागतं." उन्हाचे नव्हते ते. आजीला ते कळते.

आठवा वाढदिवस मे महिन्यात. सूनबाईने एका सभागृहात चौकशी केली. फुगे, केक, जादूगार, खाणे, आणि प्रत्येक पाहुण्या पोराला परतभेट, मिळून २८,००० रुपये सांगितले. मुलगा तयार होता. घरात मूल कोमेजलेले दिसले की बाप खिशात हात घालतो. पण नातू म्हणाला, "कोणी येणार नाही." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आजी, मला वायकिंगचा बर्थडे हवा."

वायकिंग म्हणजे काय, याची मला जी माहिती होती ती सिनेमाच्या जाहिरातीतली. शिंगांचा टोप, लाल दाढी, हातात कुऱ्हाड. मी त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून दोन रात्री जागून पुठ्ठ्याचे सहा शिरस्त्राण केले, आणि प्रत्येकाला कागदाच्या लगद्याची छान वळणदार शिंगे लावली. पोळ्याच्या बैलालाही हेवा वाटावा अशी शिंगे! सकाळी त्याच्यापुढे मांडली. त्याने एक हातात घेतले, उलटसुलट पाहिले, आणि अगदी हळू म्हणाला, "आजी, त्यांना शिंगं नव्हती."

मला राग आला नाही असे म्हणणार नाही. पण मग मुलाला कामाला लावून, आणि स्वतःही चष्मा लावून, मी वाचू लागले. पोराचेच खरे निघाले. त्या काळातले जवळजवळ अख्खे म्हणता येईल असे एक शिरस्त्राण नॉर्वेत येरमुंडबू नावाच्या शेतावर १९४३ साली सापडले. साधी लोखंडी गोल टोपी आणि डोळ्यांपुढे चष्म्यासारखी पट्टी, बस्स. शिंगे कुठून आली? १८७६ साली जर्मनीत बायरॉइट गावी वाग्नर या संगीतकाराचे मोठे संगीत नाटक झाले, त्याचे पोशाख काढणाऱ्या डोप्लर नावाच्या चित्रकाराने पात्रांच्या डोक्यावर शिंगे बसविली. तेव्हापासून ती जी बसली ती उतरेनात. आपल्या मनातली लक्ष्मी नाही का रविवर्म्याच्या छापील तसबिरीतली असते, तसेच ते. डेन्मार्कात शिंगांचे टोप खरोखर सापडले आहेत, पण ते वायकिंगांच्याही पूर्वी दीडदोन हजार वर्षांचे, काशाचे, बहुधा पूजाविधीचे.

तेव्हा माझी सहाच्या सहा शिंगजोड्या कापल्या गेल्या. त्या वाया घालविल्या नाहीत. त्यांचे पुढे काय झाले ते सांगते.

आता, हे वायकिंग कोण, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण आमच्या शेजारच्या वहिनींनी मला जिन्यात थांबवून विचारले होते की, "अहो, लुटारूंची सोंगे मुलांना कशाला शिकवता?" प्रश्न रास्त होता. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या थंड मुलखातले हे लोक. इंग्लंडच्या किनाऱ्यावर लिंडिसफार्न नावाचे बेट आहे, तिथल्या मठावर त्यांनी ७९३ साली धाड घातली, साधू मारले, सोने लुटले. तिथून पुढे १०६६ पर्यंतचा काळ तो वायकिंगांचा मानतात. त्यांनी लूट केली, माणसे पकडून गुलाम म्हणून विकली, हे खरेच आहे. मी मुलांनाही ते लपविले नाही. पण बहुतेक लोक शेती करणारे, गुरे पाळणारे, मासे सुकविणारे होते, आणि त्यांच्यातले पुष्कळ धाडीपेक्षा व्यापारच करीत. गोटलंड बेटावर त्यांच्या पुरलेल्या ठेव्यांत अरबी चांदीची नाणी हजारोंनी सापडली आहेत. आणि भगिनींनो, स्वीडनमध्ये हेल्गो नावाचे एक छोटे बेट आहे. तिथे १९५० च्या दशकात खोदकाम चालले असता मातीतून काय निघावे? कमळावर बसलेली बुद्धाची काशाची मूर्ती! वीतभरसुद्धा नाही, पण आपल्या भारतखंडाच्या वायव्येकडे, सुमारे सहाव्या शतकात घडविलेली. किती हातांतून, किती नद्यांतून ती त्या बर्फाळ बेटावर गेली असेल! नातवाला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तोपण इथून तिथे गेला." मी काही बोलले नाही.

वहिनींना मी सांगितले की आपण लुटीचा खेळ करणार नाही, बाजाराचा करू. आणि तेच पुढे सगळ्यांत उत्तम ठरले.

प्रथम नौका. ओस्लोत असताना बालवाडीने मुलांना तिथल्या वायकिंग जहाजांच्या संग्रहालयात नेले होते; ते २०२२ साली नव्या इमारतीच्या कामासाठी बंद झाले त्याच्या थोडेच आधी. तिथली ओसेबर्गची नौका याच्या डोळ्यांत बसलेली. नौका सुमारे सत्तर फूट लांब, वल्ह्यांच्या पंधरा जोड्या, आणि नाळ वर वर जाऊन तिचे वेटोळे झालेले, त्या वेटोळ्याच्या टोकाला सापाचे तोंड. ही नौका एका शेतातल्या टेकाडात पुरलेली होती. १९०४ साली ती उकरून काढली. आणि तिच्यात कोण होते? कोणी राजा नव्हे, सेनापती नव्हे. दोन बायका! एक बरीच म्हातारी, सत्तरीच्या पुढची, दुसरी पन्नाशीची. ८३४ साली त्यांना या नौकेसह पुरले. बरोबर काय दिले होते ते वाचून मी थक्क झाले. कोरीव गाडी, बर्फावरच्या घसरगाड्या, पलंग, कढया, बादल्या, सफरचंदे, माग, आणि पत्त्यांसारख्या बावन्न लाकडी पाट्यांत दोरे ओवून अर्धवट विणलेली एक पट्टी. विणकाम अर्धेच राहिलेले! आपल्यापैकी कोणाच्या कपाटात अर्धवट स्वेटर नाही, सांगा.

तर नौकेची कृती. कपडे धुण्याच्या यंत्राची आणि शीतकपाटाची मोठी पुठ्ठ्याची खोकी दुकानदार फुकट देतो, फक्त दुपारी दुकान रिकामे असताना मागावीत. अशी तीन खोकी उकलून लांब पट्टे केले, टोकाशी जोडून बाराएक फुटांच्या दोन बाजू झाल्या. तळ नाही, मुले आत उभी राहून दोन्ही बाजूंना आतून लावलेले सुतळीचे फास हातात धरतात आणि नौका चालते. जोडायला मैद्याची खळ. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळी होऊ न देता शिजवावी. खळ गार झाल्यावर लावावी आणि तीन थर एकावर एक चिकटवून कडक उन्हात वाळवावेत. मे महिन्याचा एवढा तरी उपयोग. मात्र एक चूक सांगून ठेवते. मी वाळलेली मान रात्री गच्चीवरच ठेवली आणि पहाटे पाहते तो मुंग्यांनी लडबडलेली. मैदा त्यांनाही आवडतो. ऊन दाखवून, झटकून, मानेखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या तेव्हा कुठे निभावले.

मान करताना पुठ्ठ्याची दोन सारख्या आकाराची पाने कापून मध्ये वर्तमानपत्राच्या गुंडाळ्या भराव्यात, म्हणजे ताठ राहते. पाठीवरचे खवले अंड्यांच्या ट्रेचे. ट्रे ज्यांच्या घरी अंडी येत नाहीत त्यांनी वाण्याकडून घ्यावेत; आधी उन्हात टाकावेत, वास असतो. प्रत्येक खळगा कापून उलटा चिकटविला की मगरीची पाठ तयार. शिडाला जुनी चादर, तिच्यावर गेरूचे उभे पट्टे. खऱ्या नौकांची शिडे लोकरीची असत, आणि ती कातणे-विणणे बायकांचे काम. एका मोठ्या नौकेच्या शिडाला कित्येक बायकांचे वर्षभराहून अधिक कष्ट लागत, असे आता तशी शिडे पुन्हा विणून पाहणारे सांगतात. जहाज म्हटले की सुताराचे नाव निघते, शिडवालीचे कोणी काढीत नाही.

ढालींची कृती सर्वांत सोपी आणि सर्वांत देखणी. गोक्स्टाड नावाची दुसरी एक नौका १८८० साली सापडली. तिच्या दोन्ही बाजूंना बत्तीस बत्तीस गोल ढाली टांगलेल्या होत्या, एक पिवळी, एक काळी, एक पिवळी, एक काळी. आपण परातीच्या मापाने पुठ्ठा गोल कापावा, रंग द्यावा, मध्यभागी पत्रावळीबरोबर मिळतो तो कागदी द्रोण उपडा चिकटवून त्याला चंदेरी कागद लावावा. मागे परकराची जुनी नाडी दोन भोकांतून ओवून मुठीला पकड करावी. वीस ढालींना दोन दुपारी लागल्या.

शिरस्त्राणाला पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या पुरतात. एक कपाळाभोवती, दोन डोक्यावरून आडव्या-उभ्या, आणि पुढे चष्म्याच्या आकाराचा तुकडा. वर करड्या रंगाचा हात. चष्मा लावणाऱ्या मुलांना हे टोप फार आवडतात, एरवी त्यांचीच थट्टा होते.

आणि माझी शिंगे? ती ड्रॅगनच्या जबड्यात दात म्हणून बसली. बारा शिंगे, बारा सुळे.

ड्रॅगनबद्दल थोडा वाद झाला. सोसायटीतल्या मुलांनी सिनेमा पाहिलेला. क्रेसिडा कॉवेल या बाईंच्या २००३ सालच्या पुस्तकावरून २०१० साली निघाला तो. त्यांचा ड्रॅगन पंखांचा, उडणारा, आग ओकणारा. नातवाचा ड्रॅगन म्हणजे 'ऑर्म', साप. त्या लोकांच्या पुराणांत एक महासर्प आहे, तो समुद्रात साऱ्या पृथ्वीभोवती वेढा घालून आपलेच शेपूट तोंडात धरून पडलेला. मला आपला शेषनाग आठवला. पण आपला शेष पृथ्वी धरून ठेवतो, तो तिकडचा मात्र सुटला की प्रलय. दुसरा एक फाफ्नीर. हा आधी माणूस होता. सोन्याच्या लोभाने बापाला मारले, सोन्यावर बसून राहिला, आणि बसून बसून त्याचा सर्प झाला. आपल्याकडे धनाच्या हंड्यावर नाग बसतो असे म्हातारी माणसे सांगत, तेच की! ही गोष्ट मी मुलांना सांगितली तेव्हा वीस पोरे चिडीचूप होती.

शेवटी तडजोड झाली. नौकेचा ड्रॅगन सापासारखा, आणि हातातले ड्रॅगन सिनेमासारखे. हातातल्यांची कृती अवश्य करून पाहा, पाच वर्षांच्या मुलालाही जमते. स्वयंपाकघरातल्या कागदी रुमालांची गुंडाळी संपली की आतली नळी उरते. तिला हिरवा कागद लावावा. एका तोंडाला आतून पतंगाच्या लाल, पिवळ्या, नारिंगी कागदाच्या लांब पट्ट्या चिकटवाव्यात. वर लोकरीचे दोन गोंडे, त्यांना काळी बुबुळे. मागच्या तोंडाने फुंकर घातली की ज्वाळा फडफडतात. पट्ट्या वीतभर लांब आणि अगदी अरुंद हव्यात, रुंद केल्या तर जड होऊन लोंबतात. एका मुलाने जिभेला फुलबाजी लावू या असे सुचविले होते. त्याला मी लिंबू सरबत करायला बसविले.

मुलींनी विचारले, "मुली वायकिंग असतात का?" मी ओसेबर्गच्या म्हातारीची गोष्ट सांगितली. शिवाय तिथल्या घरधनिणी कमरेला किल्ल्या लावीत, त्यांच्या थडग्यांत त्या सापडतात. माझ्या सासूबाईंच्या कनवटीचा जुडगा मला आठवला. तो वाजला की आम्ही सुना पदर सावरीत असू. पण चौथ्या मजल्यावरच्या मुलीला किल्ल्या नको होत्या, तिला सेनापती व्हायचे होते. तिच्यासाठी नातवानेच वडिलांकडून शोधून आणले. स्वीडनमध्ये बिर्का इथे १८७८ साली तलवार, बाण, दोन घोडे यांसह पुरलेला एक योद्धा सापडला होता, आणि २०१७ साली हाडांची तपासणी केली तेव्हा ती बाई निघाली. मग काय, सेनापती तीच झाली आणि शेवटपर्यंत कोणाचे ऐकले नाही.

आता मुख्य गोष्ट. मुले येतील की नाही हाच घोर होता. म्हणून मी आमंत्रण असे दिले की, भेटवस्तू विकत आणायची नाही. घरात पडून असलेली, चालू स्थितीतली एक वस्तू आणायची, कारण बाजार भरणार आहे. आणि वाढदिवसाच्या आधी चार दिवस दुपारी नौका बांधायला यायचे. एवढ्यावर काम झाले. खळ ढवळायला मिळणार म्हटल्यावर कोणते मूल घरी बसेल?

पहिले दोन दिवस नातू कोपऱ्यात बसून एकटाच रंग देत होता. तिसऱ्या दिवशी अक्षरांचे काम काढले. त्या लोकांची लिपी रून. लाकडावर चाकूने कोरायची म्हणून सगळ्या रेघा सरळ, उभ्या नाहीतर तिरप्या. आडवी रेघ लाकडाच्या शिरांत हरवते. वायकिंगांच्या काळात तिच्यात अक्षरे किती होती? अवघी सोळा! ग साठी वेगळे अक्षर नाही, क वापरायचे. द साठी त. प साठी ब. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या वाटल्या, आणि प्रत्येकाने आपले नाव लिहायचे ठरले. लिपी येत होती फक्त एकाला. तेव्हा सगळे त्याच्याभोवती. आणि नावे लिहून झाल्यावर ती वाचायची ठरली, जशी लिहिली तशी. गौरीची झाली कौरी. दीपकचा तीबक. पद्मजेचे तर विचारूच नका, कारण ज लाही अक्षर नाही. पहिल्यांदा एकजण हसला, मग ज्याचे नाव वाचले तो रागावला, मग त्याने दुसऱ्याचे वाचून दाखविले. पाच मिनिटांत गच्चीवर एकही नाव धड उरले नव्हते. तीबक हसून हसून खळीच्या पातेल्यावर बसला. आणि याच दीपकने नातवाला सर्वांत जास्त 'कमळ म्हण' केले होते हे मला ठाऊक होते. मी काही योजून केले नव्हते. मला काय ठाऊक सोळा अक्षरांत कोण कसे सापडेल! त्या दिवशी संध्याकाळी खालून हाक आली ती नातवाच्या नावाने नव्हे, रूनमध्ये झालेल्या त्याच्या वाकड्या नावाने, आणि हा चप्पलही न घालता पळाला.

एका मुलाने त्याच वेळी मोठा शोध लावला. मोबाइलवर ब्लूटूथची जी खूण असते ती दोन रून अक्षरे एकमेकांवर ठेवून केलेली आहे, ह आणि ब ची. दहाव्या शतकात डेन्मार्कात हाराल्ड ब्लूटूथ नावाचा राजा होता, त्याच्या नावाची ती आद्याक्षरे. हे नातवाने सांगितल्यावर सर्वांनी आपापल्या आयांचे फोन आणून खात्री करून घेतली.

वाढदिवसाच्या दिवशी एकोणीस मुले आली. बाजार भरला. ते लोक नाण्याची किंमत त्याच्यावरच्या छापावर नव्हे, वजनावर करीत. चांदीची कडी तोडून लहान तराजूत तोलीत. आम्ही चंदेरी कागदाचे तुकडे आणि माझी जुनी तागडी ठेवली. आमच्या पहारेकऱ्यांचा मुलगा जिन्यातच घुटमळत होता. त्याच्याकडे आणण्यासारखे काही नव्हते असे त्याला वाटत होते. खिशात होता एक लाकडी भोवरा आणि जाळी. त्याने तो फिरवून हातावर घेतला मात्र, आणि सगळा बाजार तिथे लोटला. त्याने भोवरा विकला नाही. हातावर घ्यायला शिकवीन, दर माणशी एवढी चांदी, असा त्याने दर लावला. दिवसअखेर तागडीत सर्वांत जड पारडे त्याचे. व्यापार म्हणजे काय हे मी सांगण्याची गरज उरली नाही.

खेळांत 'ताब्लुट' खेळविला. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७३२ साली उत्तरेकडच्या सामी लोकांत पाहून टिपून ठेवलेला, वायकिंगांच्या जुन्या पटखेळाचा हा भाऊबंद. खडूने नऊ बाय नऊ घरे आखावीत. मधल्या घरात राजा, त्याचे आठ रक्षक भोवती, आणि चारी कडांना सोळा हल्लेखोर. सर्वांची चाल बुद्धिबळातल्या हत्तीसारखी सरळ. दोन बाजूंनी चेपले की सोंगटी मेली. राजा कडेला पोचला तर तो जिंकला. चारी बाजूंनी कोंडला गेला तर हरला. आम्ही बाटल्यांची टोपणे आणि चिंचोके घेतले. आपल्या वाघबकरीची आठवण येते, कारण इथेही दोन्ही पक्ष सारखे नसतात.

खाण्याचे बेत सांगते आणि संपविते. जवाच्या पिठाच्या लहान भाकऱ्या, वर लोणी. चक्का आणि मध, कारण त्यांचे 'स्कीर' बरेचसे चक्क्यासारखेच लागते. खाणाऱ्यांसाठी भाजलेले सुके बोंबील, तिकडे कॉड नावाचा मासा असाच वाऱ्यावर सुकवितात. त्यांच्या रानातल्या बोरांच्या जागी आपली करवंदे आणि जांभळे. बटाटेवडा मात्र चालणार नाही, बटाटा तेव्हा युरोपात पोचलाच नव्हता, असे मी जाहीर केले आणि गच्चीवर बंड झाले. सेनापतीने मुद्दा काढला की वायकिंग अमेरिकेला गेले होते आणि बटाटा अमेरिकेचा, तेव्हा तिथे खाल्ला असेल. गेले होते हे खरे आहे. कॅनडात न्यूफाउंडलंडला त्यांच्या घरांचे अवशेष १९६० साली सापडले, आणि तिथले लाकूड १०२१ साली तोडल्याचे २०२१ साली सिद्ध झाले. बटाटा तिथून हजारो मैल दक्षिणेला होता, पण उकडलेले बटाटे मी सकाळीच कुस्करून ठेवले होते, तेव्हा वाद वाढविला नाही.

एकूण खर्च आला १,३६५ रुपये, त्यात पाचशेच्या वर नुसता मध आणि लोणी.

जेवायला खाली येताना जिन्याच्या दाराशी नातवाने सगळ्यांना थांबविले. आइसलंडच्या जुन्या कायद्यात असे होते म्हणे की, किनारा दिसू लागला की नौकेवरचे ड्रॅगनचे डोके उतरवून ठेवावे, नाहीतर जबडा वासलेला पाहून त्या भूमीच्या रक्षक देवता घाबरतील. हे त्याने आपल्या त्या 'ळ' नसलेल्या मराठीत सर्वांना सांगितले, आणि कोणी हसले नाही. दीपकने आणि त्याने मिळून डोके उतरविले, एका मुलीने त्यावर चादर घातली, आणि मग सगळे घरात आले.

ते डोके माझ्या माळ्यावर आहे. दोन सुळे ढिले झाले आहेत आणि जिभेचा कागद बदलावा लागेल. ज्या भगिनीला हवे असेल तिने खुशाल न्यावे, फक्त दिवाळीच्या आधी परत करावे. मुलांनी ते किल्ल्याशेजारी ठेवायचे ठरविले आहे.